बायकांच्या हातात ‘छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर’ देणं थांबवा

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. तेव्हापासून इथल्या मराठी मैत्रिणीही विचारतात, “पर्समध्ये ठेवायला कुठलं घेऊ गं?” बाळगावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. पण ज्यांचं ठरलंय त्यांच्या गळ्यात दुकानदार जे मारतात, त्याचा मला मनापासून राग येतो.

बाई काउंटरला आली की पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर पुढे येतं. हलकं आहे, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची भानगड नाही, पर्समध्ये मावतं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे त्यातलं नेहमीचं. वजन साधारण ४०० ग्रॅम, आणि ट्रिगर ओढायला लागतात १२ पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो. हातातल्या वस्तूच्या वजनाच्या तेरापट जोर एका बोटानं लावायचा आणि तोवर नळी हलू द्यायची नाही! शिवाय हलकं असल्यामुळे झटका सगळा तळहातात. मग सरावाला जायचं मनच होत नाही, आणि ते कपाटात पडून राहतं. ग्लॉक १९ या स्लाइडवाल्या पिस्तुलाचा ट्रिगर साडेपाच पौंडांचा आणि रिकाम्या पिस्तुलाचं वजन ६०० ग्रॅमवर. तिथे हेच प्रमाण चौपटीच्या आसपास येतं. नवख्या हाताला हा फरक फार मोठा आहे.

स्लाइड ओढवत नाही म्हणाल, तर बहुतेकींना कोणी नीट दाखवलेलंच नसतं. डाव्या हातानं स्लाइड घट्ट धरा आणि उजव्या हातानं मूठ पुढे ढकला. तरीही जमलं नाही तर २०१८ मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी पिस्तूल आहे, ते त्यासाठीच बनवलंय.

दुकानात पिस्तूल हातात घेतलं की आधी ते रिकामं असल्याची स्वतः खात्री करा. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीवर जितकी वर जाईल तितकी न्या. करंगळीला जागा मिळते का? तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ टेकतं का? त्यासाठी मनगट फिरवावं लागत असेल तर मूठ तुमच्यासाठी मोठी आहे, ब्रँड कितीही नावाजलेला असो. मग विक्रेत्यानं दाखवलेल्या सुरक्षित दिशेला डोळे मिटून पिस्तूल धरा आणि डोळे उघडा. नळीवरचा नेम धरायचा पुढचा ठिपका मागच्या खाचेत दिसायला हवा. ग्लॉकची मूठ जरा जास्त तिरकी, काहींच्या हातात नळी वर जाते. स्मिथ अँड वेसनच्याच एम अँड पी २.० कॉम्पॅक्ट पिस्तुलाच्या मुठीचा कोन वेगळा, आणि सोबत वेगवेगळ्या मापांचे मुठीचे चार तुकडे मिळतात. ते बदलून बघायला जरूर मागा.

ट्रिगर विचारून, सावकाश ओढा. आधी थोडा सैल येतो, मग अडतो, मग सुटतो. तो अडण्याचा क्षण बोटाला स्पष्ट कळला पाहिजे, आणि सुटताना पुढचा ठिपका जागचा हलता कामा नये. किती पौंड हा आकडा त्यानंतर. हलका म्हणजे चांगला, असं मुळीच नाही. आपल्या नेमबाज राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा चालतो, पण ते पिस्तूल कमरेला, कपड्यांत, घाबरलेल्या हातात नसतं. रोज बाळगायच्या पिस्तुलात ट्रिगर हलका करणाऱ्या स्प्रिंगा घालू नका. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, कडक आणि ट्रिगर पूर्ण झाकणारंच घ्या.

आणि पर्समध्ये नकोच. पर्स हिसकावली जाते, खुर्चीला अडकवलेली राहते, पोरं चॉकलेट शोधायला हात घालतात. कुर्त्याखाली चांगला बेल्ट लावला की कॉम्पॅक्ट पिस्तूल सहज झाकलं जातं. घरात १७ वर्षांखालचं मूल असेल तर कुलपाची पेटी आधी घ्या. मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं टेक्सासात गुन्हा आहे.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी मात्र वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीला हातही लावू नये. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्यानं ती बाळगायला मनाई आहे, आणि टेक्सासची सूट तिथे कामाला येत नाही.

पैसे टाकण्याआधी दोन-तीन पिस्तुलं रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्यानं घ्या. परवाना आता सक्तीचा नसला तरी, टेक्सासच्या त्या परवान्याच्या चाचणीत ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या असतात. प्रत्येक पिस्तुलानं तेवढ्या झाडा आणि १५ यार्डांवरचे निशाण्याचे कागद शेजारी ठेवून बघा.