‘नागपूरच्या पोरांना जागतिक राजकारण काय कामाचं?’ त्या मेसेजला उत्तर

प्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘पदवीला मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) म्हणून आंतरराष्ट्रीय संबंध घेऊ नका. मायनरला किंमत नसते. हा विषय दिल्लीवाल्यांचा, नागपूरच्या पोरांचा त्याच्याशी काय संबंध? यात नोकरी नाही. आणि जे शिकवतात ते सगळं यूट्यूबवर फुकट आहे.’ परवा प्रवेशाच्या टेबलाशी एका वडिलांनी हाच मेसेज दाखवून विचारलं, “सर, खरं आहे का जी हे?” मी राज्यशास्त्र शिकवतो. रांगेत मागे माणसं उभी होती, त्यामुळे त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते अपुरं होतं, म्हणून इथे लिहितो.

मायनरला किंमत नसते हे साफ चूक आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे जी रचना आली, तिच्यात मायनरचे क्रेडिट पदवीत मोजले जातात आणि त्यातले गुण सीजीपीएत, म्हणजे एकूण सरासरीत, धरले जातात. मेजर, म्हणजे मुख्य विषय आपल्या जागी राहतो. या मुद्द्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

खरा राग येतो तो ‘नागपूरचा काय संबंध’ या वाक्याचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपलं तसे ते कोसळले. १८६७ला नागपूरला रेल्वे पोचली, ती कापूस बंदरापर्यंत नेण्याच्या घाईतच. पुढे १ जानेवारी १८७७ला जमशेदजी टाटांनी इथे कापडगिरणी सुरू केली आणि तिला एम्प्रेस मिल नाव दिलं, कारण त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं होतं. आज त्या जागेवर मॉल आहे. तिथे फिरायला जाणाऱ्या किती पोरांना हे कुणी सांगितलं असेल?

जुनं सोडा. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं. कापड उद्योगाला दिलासा मिळाला. पण वेचणीच्या तोंडावर बाहेरचा स्वस्त कापूस यायची वाट मोकळी झाली, आणि त्याची धास्ती विदर्भातल्या शेतकऱ्याने घेतली. हा निर्णय समजायला व्यापार, शुल्क आणि दोन देशांमधली ताणाताणी, तिन्ही कळावं लागतं.

वर्गातली एक गोष्ट सांगतो. काटोलकडची एक बी.कॉम.ची विद्यार्थिनी, घरी संत्र्याची बाग. व्यापारी म्हणाला, बांगलादेशचा माल थांबला, भाव पडला. तिने वहीत हिशेब मांडला. बांगलादेशने २०१९मध्ये संत्र्यावर किलोमागे २० टका (टका हे तिकडचं चलन) आयात शुल्क लावलं होतं, २०२३पर्यंत ते ८८ टका झालं. म्हणजे वीस किलोच्या क्रेटवर आधी ४०० टका पडायचे, ते १७६० झाले. तिने त्या दोन आकड्यांखाली दोनदा रेघ ओढली आणि विचारलं, “सर, पण त्यांनी वाढवलं काहून?”

‘सगळं यूट्यूबवर आहे’ या दाव्याचं उत्तर तिच्या या प्रश्नातच आहे. व्हिडिओत एकच कारण मिळतं, बहुतेक वेळा मोठ्या आवाजात. आम्ही तीन आठवडे त्यावर घालवले. शुल्कवाढीची दोन शक्य कारणं पुढे आली. सप्टेंबर २०१९मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली आणि पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी दिल्लीत येऊन त्याबद्दल जाहीर तक्रार केली, हे एक. २०२२पासून बांगलादेशात डॉलरची टंचाई झाली आणि फळांसारख्या मालाच्या आयातीला त्यांनी लगाम घातला, हे दुसरं. एका गटाने कांद्याची बाजू घेतली, दुसऱ्याने डॉलरची. तारखा लावून पाहिल्यावर कांदावाल्यांना कबूल करावं लागलं की २०२२नंतरची वाढ त्यांच्या कारणाने उलगडत नाही. आपलं म्हणणं पुराव्यापुढे मागे घ्यायला मोबाइल शिकवत नाही. त्याला समोर बसलेली, उलट विचारणारी माणसं लागतात. यूट्यूब माझी पोरंही पाहतात, मीच लिंक देतो. पण ती सुरुवात असते.

आता नोकरी. परराष्ट्र सेवेत जायला हा विषय लागत नाही, कुठलीही पदवी चालते. ‘हे घ्या, राजदूत व्हाल’ म्हणणाराही दिशाभूलच करतो. पण यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध आहेत, राज्यशास्त्र वैकल्पिक घेतलं तर दुसऱ्या पेपराचा कणाच तो आहे, आणि हे पेपर मराठीत लिहिता येतात. ज्याला परीक्षा द्यायच्या नाहीत, त्याने नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाकडे पाहावं. तिथे फ्रान्सच्या दसॉ या विमान कंपनीचा भागीदारीतला कारखाना आहे आणि फाल्कन २००० विमान तिथे बनवण्याची घोषणा जून २०२५मध्ये झाली. अशा ठिकाणी कॉमर्सच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पोराला करार, निर्बंध, शुल्क हे शब्द आधीपासून माहीत असतील तर ते कामी येतात. हा विषय एकटा पोट भरत नाही, मेजरच्या हाताला हात देतो.

मेसेजमागची एक तक्रार मात्र मला मान्य आहे. काही ठिकाणी हा विषय गाइडवरून, नोट्स उतरवून देऊन उरकला जातो. तसं असेल तर खरंच घेऊ नका. फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन विचारा: शिकवणार कोण, प्रकल्प पोरं स्वतः करतात का, चालू घडामोडींवर वर्गात चर्चा होते का, आणि मागच्या वर्षीचे दोन-तीन प्रकल्प दाखवता का. दाखवायला कुणी कां-कूं केली तर दुसरं मायनर बघा.