अर्ध्या तिकिटाची आई

मालवण-कुडाळ एसटीत आईचं तिकीट अर्धं, माझं पूर्ण आणि बसायला जागा तिलाच. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. (थोडी आहे.) तक्रार आहे ती आईशेजारच्या मासेवाल्या मावशीबद्दल.

रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या या बाईने आईला चक्क माहेरच्या नावाने हाक मारली. ते नाव मी फक्त तिच्या शाळेच्या दाखल्यावर वाचलेलं. मग वर बघून, "हो तुजो झील?"

"होय गो, थोरलो."

"झिला, आवशीक खंयचो मासो आवडता, सांग बगूया."

दांडीला लोंबकळत मी म्हटलं, "सगळेच."

"सगळे म्हंजे? ती काय मांजार आसा?"

मागच्या सीटा खिदळल्या. कंडक्टर तिकिटाचं मशीन खाली करून उत्तरासाठी थांबला. चौक्याला उतरणाऱ्या एका आजोबांनी तर उतरणं लांबवलं.

"सुरमई," मी ठोकून दिलं.

"सुरमय तुका आवडता! ती मोरी खाता, मोरी! म्हयन्यातना एकदा माझ्याकडे येता, दोन ताटां जेवता. आणि गजालीक बसली काय उठूचा नाव घेणा नाय!"

मोरी म्हणजे शार्क मासा. तिच्या अंगात युरिया असतो, शिळी झाली की अमोनियाचा दर्प मारते. बाबांना तो चालायचा नाही, म्हणून आमच्या घरात मोरी कधी शिजलीच नाही. आई मात्र पदराने डोळे पुसत हसत होती. घरी ती अशी हसत नाही. असो, नोंद असावी.

पण पन्नाशीच्या माणसाला भर एसटीत उभं करून तोंडी परीक्षा? आणि अभ्यास करायचा कुठून? विचारलं की हिचं ठरलेलं, "माझा काय, तुम्ही जेवा!" १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लागतं. मी कितीतरी आधीचा, म्हणजे सुटलो, अशी माझी समजूत होती.

रविवारी पिशवी घेऊन मोरी आणायला निघालो, तर आईच आडवी आली. "नको रे, तुझ्या बायलेक वास सोसणा नाय."

आतून बायको कडाडली, "माका कोणी इचारल्यान? कुळाराक मी मोरीच खाय होतंय!"