किती देते?

‘किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे दोघींबद्दलच विचारतात. एक म्हैस आणि दुसरी गाडी. सांगलीजवळ राहणाऱ्या माझ्या मेहुण्याच्या दारात दोन्ही आहेत. त्यामुळे गेल्या मे महिन्यात ओसरीवर बसून त्याने ‘दाजी, किती देते?’ असं विचारलं, तेव्हा मला पटकन संदर्भच लागला नाही. आपल्याकडे म्हैस नाही हे आठवल्यावर मी म्हणालो, “अठरा.”

आमची गाडी म्हणजे 2010 सालची आल्टो. 796 सीसी, तीन सिलिंडर, पस्तीस लिटरची टाकी, आणि बाराच्या रिमची चाकं, जी बघून टायरवालाही प्रेमाने ‘छोटी चाकं’ म्हणतो. यंदा तिची पंधरा वर्षं भरली. पर्यावरण कर भरून, फिटनेस करून तिला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली आहे. घरातल्या कुणाही माणसापेक्षा तिची तपासणी जास्त कसून झाली. आणि ‘अठरा’ हा आकडा मी ती घेतल्यापासून सांगत आलोय. शोरूममधल्या मुलाने वीस सांगितलं होतं, त्यातले दोन मी प्रामाणिकपणे कमी केले होते.

“कधी मोजलंत हो?” आतून बायकोचा आवाज आला.

या प्रश्नाने माझ्या आयुष्याचे पुढचे तीन महिने खाल्ले.

मोजायची पद्धत सोपी असते. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा बसलेल्या लिटरनी भागायचं. अडचण एवढीच, की पंधरा वर्षं मी ‘पाचशेचं टाक’ याखेरीज पंपावर काही बोललेलो नाही. ‘फुल’ म्हटल्यावर पंपावरच्या पोराने आधी माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. “झिरो बघा,” म्हणाला. नोझल कट झालं तशी माझ्या मागच्या सीटवरून अण्णा, म्हणजे माझे वडील, खाली उतरले आणि त्यांनी गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायला सुरुवात केली. चेतकच्या काळापासून त्यांची श्रद्धा आहे, की हलवल्याशिवाय पेट्रोल खाली बसत नाही. “अजून शंभर ग्रॅम मावेल,” ते म्हणाले. अण्णा पेट्रोल अजूनही ग्रॅममध्ये मोजतात. मागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग बराच वेळ वाजवायचा थांबला. बहुधा हे पुढे काय करतात याचीच त्याला उत्सुकता लागली असावी.

दोनशे किलोमीटर व्हायला मला एक महिना लागला. उत्तर आलं 11.6.

मी पुन्हा भागाकार केला. मुलीने मोबाइलवर केला. अण्णांनी पाटीवर केल्यासारखा वर्तमानपत्राच्या कडेला केला. 11.6. मेहुण्याला खरं सांगून टाकलं, तर तो म्हणाला, “आमची मुऱ्हा बारा देती की!” म्हणजे म्हैस पुढे होती. शिवाय शेण.

आता एक सांगतो, त्यात माझी शोकांतिका आहे. मी राहतो कोथरूडला. गाड्यांचं अ‍ॅव्हरेज प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था आमच्या वेताळ टेकडीवरच आहे. म्हणजे ज्या टेकडीच्या पायथ्याला माझी गाडी अकरा देते, तिच्याच अंगाखांद्यावर गाड्या वीस-बावीस देत असतात. सकाळी फिरायला गेलं की मी त्या दिशेने बघून घेतो. तिथे गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. साधारण वीस मिनिटं ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती ‘शहरात’ आणि मग ‘हायवेवर’ धावते, जास्तीत जास्त ताशी 90 पर्यंत. एसी बंद. समोर बस नाही, विरुद्ध बाजूने येणारा स्कूटरवाला नाही, मध्येच थांबून फोन घेणारी रिक्षा नाही. अशा वातावरणात राहिलो तर मीसुद्धा वीस देईन. खाली मात्र टॉमटॉमच्या 2024 च्या यादीत पुण्याला दहा किलोमीटर जायला सरासरी तेहतीस मिनिटं लागत होती. ताशी अठरा. म्हणजे ‘अठरा’ मी अगदीच खोटं सांगत नव्हतो, फक्त एकक चुकत होतं.

मग गाडी मिस्त्रीकडे नेली. आमचा मिस्त्री कमी बोलतो आणि जास्त ऐकतो, पण ऐकतो ते गाडीचं. त्याने मागचं चाक जॅकवर उचललं आणि हाताने फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं.

“हँडब्रेक ओढलाय का?” मी विचारलं.

“तुम्ही ओढलाय साहेब, पण कधी ते माहीत नाही.”

ब्रेक जाम होते. केबल गंजून हँडब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, म्हणजे मी किती महिने एकाच वेळी गाडी पळवतही होतो आणि धरूनही ठेवत होतो. माझ्या स्वभावाबद्दल बायको हेच म्हणते. ब्रेक खोलून साफ केले, केबल बदलली. एअर फिल्टर काढून त्याने जमिनीवर आपटला, तर समोरचा माणूस दिसेनासा झाला. प्लगही बदलले. तीन सिलिंडर असण्याचा एक फायदा असा, की प्लग तीनच लागतात. हवा मोजली. तीस हवी होती तिथे तीन चाकांत बावीस आणि चौथ्यात अठरा. हा अठरा मात्र खरा निघाला.

बिल लिहीत नाही. ते बायकोही वाचेल.

पुढचं काम घरचं होतं, डिकी रिकामी करणं. छोट्या इंजिनाला वजन फार लागतं, मिस्त्री म्हणाला होता. मी स्टेपनी आणि जॅक सोडून सगळं बाहेर काढायचं ठरवलं. तीन छत्र्या निघाल्या, त्यातली एक आमची. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे निघाले, म्हणजे ते थर्माकोलबंदीच्याही आधीचे. पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन होते, कधीतरी इंजिन तापलं होतं तेव्हापासून भरलेले. आणि सगळ्यात खाली, पोत्यात गुंडाळलेला, सासूबाईंनी दिलेला पाटा-वरवंटा.

“हा इथे आहे?” बायको खाली येऊन म्हणाली. “दोन वर्षं मी विचारतेय, आईने दिलेला पाटा कुठेय!”

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्या वेळी मी ‘उद्या नेतो’ म्हणालो होतो, आणि तो उद्या दोन वर्षं माझ्याबरोबर ऑफिसला जाऊन येत होता. पाटा वर नेताना दुसऱ्या मजल्यावर माझं स्वतःचं अ‍ॅव्हरेज संपलं.

एवढं करून 13.9. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, “आता गाडीत काही नाही साहेब. आता जे आहे ते तुमच्या पायात आहे. अ‍ॅक्सिलरेटरखाली पापड ठेवलाय असं समजून चालवा.”

हे त्याने मला एकट्याला सांगायला हवं होतं. फोन स्पीकरवर होता.

त्या दिवसापासून घरातलं प्रत्येक माणूस माझ्या उजव्या पायाकडे बघू लागलं. सिग्नल सुटला आणि मी जरा जोरात निघालो, की मागून मुलगी म्हणायची, “बाबा, मोडला.” पौड फाट्यापासून कर्वे पुतळ्यापर्यंत बायकोने एकदा सात पापड मोजले. “अहो, पाय क्लचवर कशाला ठेवलाय? तो काय पाट आहे?” हेही तिनेच शोधलं. लांबचा सिग्नल लाल दिसला की मी पाय काढून घ्यायचो आणि गाडी आपोआप रांगत जाऊ द्यायचो. मागच्या गाड्यांना हे शास्त्र ठाऊक नसल्याने ते माझ्या आईवडिलांची चौकशी करायचे. सिग्नलला इंजिन बंद करायचो, कारण उभ्या गाडीचं छोटं इंजिनसुद्धा तासाला अर्धा लिटर पिऊन टाकतं. पंधरा वर्षांची बॅटरी नसली तरी स्टार्टर पंधरा वर्षांचा होता. नळस्टॉपला एकदा तो नुसताच ‘टक’ म्हणाला. तेव्हा मला ढकलायला जे तिघे आले, त्यांतले दोन आधी हॉर्न वाजवणारे होते.

एसीबद्दल घरात मतदान झालं. मी हरलो, पण गाडी मी चालवत असल्याने निकाल राखून ठेवला.

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, सांगते की ताशी 45 ते 55 वेगाने गाडी चालवा. हा वेग कोथरूडमध्ये मला फक्त पहाटे साडेचारला गाठता आला, मेहुण्याला स्वारगेटवरून आणायला गेलो तेव्हा. त्याला येतायेता माझं दुःख सांगितलं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे हिशेबाने सहा-सात टक्के गेले ते तिथेच गेले, त्यात माझ्या पायाचा दोष नाही, असं मी मांडत होतो.

“दाजी, ते इथेनॉल आमच्या उसाचंच हाय,” तो म्हणाला. “तुमचं अर्धा किलोमीटर गेलं, आमचं कारखान्याचं बिल आलं. घरातल्या घरातच आहे की.”

अण्णांना हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “म्हणजे ही पण घेते?”

पापड न मोडता शहरात 14.4 पर्यंत पोचलो आणि तिथे सुई अडकली. कारण मिस्त्रीने शेवटी सांगितलं. मी गाडी काढतो ती मंडईत जायला, बँकेत जायला, दोन-अडीच किलोमीटर. इंजिन गरम व्हायच्या आत मी पोचलेला असतो, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल खातं. “एवढ्या अंतरावर चालत गेलात तर बेस्ट,” तो म्हणाला. हा सल्ला मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. “नाहीतर लांब काढा एकदा. लांबवर ही वीस देईल.”

वीस. हा शब्द ऐकल्यावर शनिवारी पहाटे आम्ही दिवेआगरला निघालो.

ताम्हिणीचा उतार लागला तेव्हा अण्णा पुढच्या सीटवर होते. त्यांचा हात सावकाश किल्लीकडे जाताना मी पाहिला.

“अण्णा!”

“उतार आहे. कशाला जाळायचं फुकट? चेतक मी खंबाटकीत बंदच सोडायचो.”

मी त्यांना समजावलं, की इंजिन बंद केलं तर ब्रेक दगडासारखा होतो, आणि स्टिअरिंग लॉक झालं तर आपण थेट कोकणात पोचू, रस्त्याने नाही. बरं, न्यूट्रल करूनही फायदा नाही. आमच्या गाडीसारख्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गिअरमध्येच ठेवून पाय काढला, की पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जागं ठेवायला ते पीत राहतं. अण्णांना पटलं नाही, पण हात त्यांनी खिशात घातला आणि थेट माणगावपर्यंत तिथेच ठेवला.

दिवेआगरजवळच्या पंपावर टाकी भरली. अण्णांनी हलवली. 162 किलोमीटर, 7.7 लिटर. एकवीस! मी तिथल्या तिथे मिस्त्रीला फोन लावला. तो अभिनंदन वगैरे काही म्हणाला नाही. “पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहे साहेब. उतरताना काय, हातगाडीपण देईल. परत येताना सांगा.”

परत येताना डिकीत फणसाचे पापड, कोकमं, आमसुलं, तांदळाचं पीठ आणि शहाळी होती, किनाऱ्यावरचं थोडं भटकणं होतं, आणि पूर्ण घाट चढायचा होता. चढाला एसी मी बंद केला. मग दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. मागून कुणीच काही बोललं नाही. पुढच्या वळणावर बायको म्हणाली, “राहू दे, हे फणसाचे आहेत. मोडत नाहीत.”

परतीचे 17.7.

रात्री वही काढून महिन्याचा हिशेब मांडला. आधी 200 किलोमीटर, 17.2 लिटर, एकशे चारच्या भावाने 1,789 रुपये. या महिन्यात 552 किलोमीटर, 32.2 लिटर, अ‍ॅव्हरेज 17.1. अकराचे सतरा! मी वही बायकोसमोर धरली. तिने सगळे आकडे सोडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 3,349 रुपये.

“अ‍ॅव्हरेज अजून वाढवायचंय?”

“का?”

“मग पुढच्या शनिवारी सांगलीला जाऊ. दोनशे पस्तीस किलोमीटर, बराचसा सरळ रस्ता.” आणि माझ्या उत्तराआधीच तिने भावाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

“या की,” मेहुणा म्हणाला. “गव्हाचं पोतं आणि गुळाच्या दोन ढेपा काढून ठेवल्यात ताईसाठी. दाजींना म्हणावं, येताना डिकी रिकामी आणा.”