सहा खुंट्या, एक बाटली तेल

आषाढात फोंड्यातल्या आमच्या घरातली प्रत्येक वस्तू कुरकुरते. दारं फुगतात, पंखा कण्हतो. यंदा गिटारही त्यांना सामील झाली. तिसरी तार चढवायला गेलं की खुंटी फिरायची, सूर जागचा हलायचा नाही आणि मग एकदम ‘टिंग’ करून पुढचीच पायरी गाठायचा.

खुंट्या गंजल्या, असं निदान मी डॉक्टरच्या थाटात करून टाकलं. गिटार जुनी, खुंट्या मागून उघड्या. बंद डब्यातल्या खुंट्यांना आतच ग्रीस भरलेलं असतं, त्यांच्या वाटेला जायचं नसतं. पण आमच्या दातेरी चाकांवर काळा चिकट मळ आणि त्यात मांजराचा एक केस. दिसल्यावर स्वस्थ कसं बसवणार?

आई म्हणाली, “खोबरेल घाल.” आमच्याकडे केसांपासून बिजागरीपर्यंत सगळ्याला तेच औषध. पण ते जुनं झालं की चिकट होतं आणि धूळ धरतं. बाबांनी गेटला मारायचा फवारा आणला. तो गंज सोडवतो, वंगण म्हणून टिकत नाही, एवढं मला ठाऊक होतं. शेवटी आईच्या शिवणयंत्राच्या तेलावर तडजोड झाली.

सहाही तारा एकदम काढल्या (एकेक काढल्या असत्या तर बरं, हे नंतर वाटलं). खुंट्यांचे स्क्रू काढून वाटीत ठेवले. ती वाटी आईने उचलून घासायला टाकली. अकरा स्क्रू मोरीच्या जाळीवर सापडले, बारावा चुलीच्या मागे. तो तिथे कसा गेला यावर अजून एकमत नाही. जुना ब्रश समजून मी मळ घासला, तो बाबांचा चालू ब्रश निघाला. त्यावर इथे लिहिण्यासारखं काही बोलणं झालं नाही.

तेल सुईच्या टोकाने एकेक थेंब द्यायचं. माझ्या हातून बाटली कलंडली. लाकडात तेल मुरलं की डाग कायमचा, म्हणून फडकं घेऊन तासभर पुसत बसलो. पुन्हा तारा चढवल्या. खुंटी चौदा वेळा फिरवावी तेव्हा तार गुंडाळणारा दांडा एकदा फिरतो, अशा चाकांवर सहा तारा म्हणजे मनगटाची तालीमच. सूर जुळवला.

टिंग.

देवळात व्हायोलिन वाजवणारे आप्पाकाका चहाला आले होते. त्यांनी गिटारच्या मानेच्या टोकाला असलेल्या पांढऱ्या पट्टीवर नख ठेवलं. “अरे, तार इथे खाचेत अडकते. खुंटीला कशाला दोष देतोस? आणि सूर वर गेला तर तार आधी सैल कर, मग खालून वर ये. चाकांतली ढिलाई निघते.”

भाचीची पेन्सिल घेऊन खाचेत शिसं घासलं. दोन मिनिटं. तार मुकाट्याने सरकू लागली.

पेन्सिल परत केली. भाचीने नाकाशी धरली.

“मामा, हिला आजीच्या मशीनचा वास येतोय.”