बोटीचे कागद पुरे, आता टाकीतलं पाणी तपासा

बोटीवरच्या माझ्या नोकरीचा मोठा भाग पाणी भरण्यात आणि पाणी सोडण्यात गेला. माल उतरला की बॅलास्ट, म्हणजे वजनासाठी टाक्यांत भरायचं समुद्राचं पाणी, घ्यायचा, माल चढू लागला की बॅलास्ट काढायचा. रिकामी बोट पाण्यावर फार उंच तरंगते, पंख्याची पाती वर येतात, वारा तिला सहज ढकलत नेतो आणि लाटेवर आदळताना सांगाड्यावर भलताच ताण येतो. बॅलास्टशिवाय खलाशांचा जीव सुरक्षित नाही, त्यामुळे पुढे लिहितोय ते बॅलास्टच्या विरोधात नाही.

चीफ ऑफिसर म्हणून माझ्या लेखी ते नुसतं वजन होतं. कुठल्या टाकीत किती टन, ट्रिम (पुढच्या आणि मागच्या टोकाच्या बुडण्यातला फरक) किती, बोट एका बाजूला कलते आहे का, पंप हवा ओढतोय का, एवढंच बघायचं. मग एकदा ड्राय डॉकमध्ये तळाची टाकी उघडली. हवा खेळवली, ऑक्सिजन मोजला आणि बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) मागोमाग मॅनहोलमधून खाली उतरलो. टॉर्चच्या उजेडात घोटाभर गाळ दिसला, काळपट आणि मऊ. त्यात नखाएवढे शिंपले होते आणि एक लहानसा खेकडा हलत होता. तो कुठल्या बंदरातून आला असेल हे शोधायला मी रेकॉर्ड काढून बसलो, पण काही उलगडेना. तोवर त्या टाकीत पाच-सहा बंदरांचं पाणी येऊन गेलं होतं. इतकी वर्षं ज्याची मी टनांत नोंद करत होतो ते जिवंत होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

शास्त्रज्ञांना ते कधीचं माहीत होतं. १९०३ साली उत्तर समुद्रात आशियातल्या एका सूक्ष्म शैवालाचं अमाप पीक आलं आणि ते जहाजांबरोबर आलं असावं, असं ऑस्टेनफेल्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये लिहून ठेवलं. त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी जेम्स कार्लटन आणि जोनाथन गेलर या दोन शास्त्रज्ञांनी थेट टाकीत जाळं सोडलं. जपानहून अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याच्या कूस बे बंदरात आलेल्या १५९ मालवाहू जहाजांचं बॅलास्ट पाणी त्यांनी तपासलं. त्यात त्यांना जीवांचे ३६७ वेगवेगळे प्रकार सापडले. एकच मार्ग, एकच बंदर, आणि ३६७. मोठे मासे पंपाच्या जाळीवर अडतात, पण त्यांची अंडी अडत नाहीत. खेकड्याची, शिंपल्याची, तारामाशाची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात तरंगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे ठिपकेच असतात. काही विषारी शैवालं तर कठीण कवचात स्वतःला बंद करून घेतात आणि टाकीच्या गाळात, अंधारात, महिनोन् महिने तग धरतात.

यातले बहुतेक जीव नव्या बंदरात मरतात, हेही खरं आहे. पाणी फार थंड असतं, गोडं असतं, खायला मिळत नाही. पण जो टिकतो त्याचे भक्षक आणि त्याचे रोग मागेच राहिलेले असतात.

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांची गोष्ट मी कुणालाही सांगायची संधी सोडत नाही. काळ्या समुद्राच्या आणि कास्पियनच्या परिसरातला झेब्रा मसल हा पट्टेरी शिंपला १९८८ साली या सरोवरांच्या साखळीतल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला. एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालू शकते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८९ मध्ये, मिशिगनमधल्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, कारण सरोवरातून पाणी घेणारा पाइप या शिंपल्यांनी आणि बर्फाने कोंडला होता. मग त्याचाच भाऊबंद क्वागा मसल आला. तो जास्त खोल आणि जास्त थंड पाण्यातही राहतो, त्यामुळे झेब्राने सोडलेला तळही त्याने व्यापला. दोघंही दिवसरात्र पाणी गाळत असतात. सरोवराचं पाणी नितळ झालं, खोलवर तळ दिसू लागला. पाहणाऱ्याला वाटावं, किती छान स्वच्छ झालं! खरं तर त्या पाण्यातलं अन्नच संपत चाललं होतं. सूक्ष्म शैवाल गेलं, त्यावर जगणारे बारके जीव कमी झाले, मग त्यांच्यावर जगणारे मासे. उन्हाची किरणं खोल पोचल्यावर तळावर तंतुमय शैवाल माजलं आणि किनाऱ्याला येऊन कुजू लागलं. असं पाणी बघून तज्ज्ञ नसलेल्या माणसाला काही बिघडलंय हे कळणारसुद्धा नाही, आणि मला या सगळ्यात त्याचंच सर्वांत वाईट वाटतं.

काळ्या समुद्रात उलट दिशेने हेच घडलं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा नेमिऑप्सिस हा पारदर्शक, जेलीसारखा प्राणी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पोचला. तो माशांची अंडी आणि पिल्लं खातो, आणि माशांच्या पिल्लांचं अन्नही खातो. दशक संपता संपता तिथली अँचोवी माशांची मासेमारी कोसळली. बेसुमार मासेमारी आणि नद्यांतून येणारं खतांचं पाणी हीसुद्धा कारणं होती, सगळं खापर त्या जेलीवर फोडणं बरोबर नाही. पण आधीच खचलेल्या समुद्राला तिने उठू दिलं नाही. १९९७ च्या सुमारास नेमिऑप्सिसलाच खाणारा बेरोए नावाचा दुसरा परका जीव तिथे आला, तोही बहुधा बॅलास्टमधूनच, आणि मग थोडा उतार पडला. तोवर नेमिऑप्सिस कास्पियनकडे निघालेला होता.

माणसांच्या आजाराचंही तेच. १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेत कॉलऱ्याची साथ पसरली. त्याच सुमारास मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेच्या मोबिल बे इथे आलेल्या काही जहाजांच्या बॅलास्टमध्ये त्याच साथीचे जंतू मिळाले. टाकीतून सोडलेल्या पाण्याला मी हे कळल्यापासून कधी हलक्यात घेतलं नाही.

आलेला पाहुणा परत पाठवता येतो का? समुद्रातून जवळपास कधीच नाही. एक ठळक अपवाद ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदराचा. मार्च १९९९ मध्ये तिथल्या कलन बे मरिनात (खासगी नौका उभ्या करायच्या छोट्या बंदरात) पाणबुड्यांना काळ्या पट्ट्यांचे परके शिंपले दिसले, दर चौरस मीटरला हजारोंनी. डार्विनला भरती-ओहोटी इतकी मोठी आहे की मरिनांना पाणी अडवणारे दरवाजे आहेत. ते बंद करता आले म्हणून मरिना एखाद्या मोठ्या हौदासारख्या वेगळ्या काढता आल्या. एकट्या कलन बेमध्ये १६० टन द्रवरूप ब्लीच आणि काही टन मोरचूद ओतलं गेलं. आतलं जवळजवळ सगळंच मेलं, शिंपलेही मेले आणि साथ थांबली. शिंपले लवकर सापडले आणि दरवाजे होते, म्हणूनच हे जमलं. उघड्या बंदराला कुठला दरवाजा लावणार? (ते शिंपले बॅलास्टमधून नव्हे, बहुधा नौकांच्या तळाला चिकटून आले होते. तळाला चिकटून येणाऱ्या जीवांवर जगभर लागू होणारा बंधनकारक नियम इतकी वर्षं नाही, फक्त मार्गदर्शक सूचना आहेत. तोही वेगळा लढा आहे.)

म्हणून जो काही बंदोबस्त करायचा तो पाणी सोडण्याआधीच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा बॅलास्ट करार १३ फेब्रुवारी २००४ ला मंजूर झाला आणि लागू झाला ८ सप्टेंबर २०१७ ला. मधली साडेतेरा वर्षं देश सह्या करत होते आणि शिंपले अंडी घालत होते. आधी भर होता भर समुद्रात पाणी बदलण्यावर, शक्य असेल तिथे किनाऱ्यापासून किमान २०० सागरी मैल दूर आणि जिथे समुद्र किमान २०० मीटर खोल आहे तिथे. मी ते केलंय. वादळी समुद्रात टाकी अर्धी रिकामी करणं म्हणजे बोटीचा तोल हातात घेऊन उभं राहणं. २००६ च्या जुलैमध्ये कूगर एस ही गाड्या वाहून नेणारी बोट अल्यूशियन बेटांजवळ याच कामात आडवी झाली. सगळे खलाशी वाचले, पण नंतर तिला वाचवायला गेलेल्या पथकातला एक जण गेला.

आता कराराखालच्या जहाजांना बॅलास्टमधले जीव मारणारी यंत्रणा बसवावी लागते. बहुतेकींत आधी फिल्टर असतो आणि मग अतिनील किरणं किंवा समुद्राच्याच पाण्यातून वीज सोडून तयार केलेलं क्लोरिन. नियम सांगतो की सोडलेल्या पाण्याच्या एका घनमीटरमध्ये ५० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा विसावा भाग) किंवा त्याहून मोठे, तग धरू शकणारे जीव १० पेक्षा कमी हवेत. ८ सप्टेंबर २०२४ नंतर ही पातळी सगळ्यांना गाठायचीच आहे. निकष कडक आहे आणि मला तो पटतो.

माझं भांडण तो तपासण्याच्या पद्धतीशी आहे. यंत्रणा बसवून झाल्यावर एकदा पाण्याचा नमुना घेऊन ती खरंच चालते का हे बघतात. त्यानंतर सर्टिफिकेट पाच वर्षांपर्यंत चालतं. दरवर्षीच्या पाहणीत यंत्रणा आणि कागद बघतात. बंदरात आलेला इन्स्पेक्टर सर्टिफिकेट, प्लॅन आणि रेकॉर्ड बुक बघतो. नमुना घ्यायचा अधिकार त्याला आहे, पण माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या डोळ्यांसमोर बाटली भरलेली मी पाहिली नाही. आणि यंत्रणा कुठे अडते हे बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. नदीच्या मुखावरचं बंदर असेल तर पाण्यात इतका गाळ असतो की फिल्टर मिनिटामिनिटाला तुंबतो. गढूळ पाण्यात अतिनील किरणं आत पोचत नाहीत. पंपाचा वेग निम्म्यावर येतो, धक्क्यावर माल भरणारे थांबत नाहीत, ऑफिसातून फोनवर फोन येतात. अशा वेळी यंत्रणा टाळून पाणी थेट जाऊ देणाऱ्या बायपास व्हॉल्व्हकडे नजर जाते. चौदा तास उभ्या असलेल्या माणसावर हा निर्णय सोडणं मला अन्यायाचं वाटतं, त्या माणसावरही आणि त्या बंदराच्या पाण्यावरही.

माझी मागणी साधी आहे. दुसऱ्या सागरी प्रदेशातून आलेली बोट पाणी सोडणार असेल तर डिस्चार्ज लाइनवरून, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपावरून, नमुना घ्या. मिनिटांत अंदाज देणारी छोटी उपकरणं आहेत, अचूक मोजणी संशय आल्यावर करा. यंत्रणा नीट चालवायला लागणारा वेळ मालाच्या करारातच लिहा, म्हणजे थांबण्याचा दंड जहाजावर पडणार नाही. खर्च येईल, पण आज तो शिंपल्यांनी पाइप कोंडलेली शहरं आणि जाळी रिकामी ओढणारे मच्छीमार भरताहेत. ज्यांनी हा माल कधी पाहिलाही नाही, त्यांनीच का भरायचा?

हे करून उपयोग होतो, याचा पुरावा पुन्हा त्याच महासरोवरांतून आलाय. २००६ मध्ये कॅनडाने आणि २००८ मध्ये अमेरिकेने तिकडे जाणाऱ्या जहाजांना रिकाम्या टाक्यासुद्धा भर समुद्रातल्या खाऱ्या पाण्याने धुणं सक्तीचं केलं. तळाशी उरलेल्या त्याच गाळावर हा इलाज होता, ज्यात मी खेकडा पाहिला. आणि तिथे टाक्या खरोखर उघडून खारेपणा मोजत होते. नव्या परक्या जातींचं येणं त्यानंतर सुमारे ८५ टक्क्यांनी घटलं.

बोटीवर असलेल्या मुलामुलींनो, तुमच्यापैकी कितीजणांनी बंदरात बॅलास्टचा नमुना घेताना प्रत्यक्ष पाहिलंय? बोटीचं आणि कंपनीचं नाव न लिहिता कॉमेंटमध्ये सांगा. मी सगळी उत्तरं वाचणार आहे.