दत्तात्रप

सातबारा ऑनलाइन झाला आणि माझ्या नावातल्या दत्तात्रयांचे 'दत्तात्रप' झाले. कोणी केले असं नाही हं, झाले. हा फरक मला तालुक्याला गेल्यावर समजला.

"हे कोणी टाइप केलं?"

"तसं पडलंय ते," भाऊसाहेब म्हणाले. वळवाचा पाऊस पडावा तसं.

"अहो, पण दोन महिन्यांपूर्वी अर्ज दिलाय. ही पोच."

"मग राहून गेलं असेल."

राहून गेलं! राहिलं म्हणावं की गेलं? घरी चिरंजीव "कप फुटला" म्हणाले की मी लगेच विचारतो, "फुटला की फोडलास?" इथे ती सोय नाही. इथे फाईल वर जाते, खाली येते, फिरते, अडकते. सगळी पायपीट फाईलची. माणसं आपली बसलेली. फार खोदून विचारलं तर "ते माझं टेबल नाही." टेबल समोर, कोपर त्यावर, चहाही त्यावरच.

मीही तयारीने गेलो होतो. म्हटलं, 2005 चा कायदा आहे, शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. भाऊसाहेबांनी मान डोलावली. "हो, दफ्तर दिरंगाईचा ना?" बघा, नावातच पळवाट. दिरंगाई दफ्तराची! दफ्तर बिचारं कपाटावर, लाल फडक्यात गाठ मारून पडलेलं. ते काय खुलासा देणार?

"कलम 155 खाली दुरुस्ती करू," शेवटी ते म्हणाले. "हस्तदोष आहे हा."

महसूल खात्यातला हा माझा सगळ्यात लाडका शब्द. दोष हाताचा. हात कोणाचा, ते शब्दात बसत नाही. खांद्याच्या अलीकडेच संपतो तो.

"फक्त एक प्रतिज्ञापत्र लागेल. दत्तात्रय आणि दत्तात्रप एकच, असं."

"चूक तुमच्याकडची आणि शपथ मी घ्यायची?"

"तसंच असतं ते."

बाहेर झाडाखालच्या टायपिस्टने मजकूर आधीच ठेवला होता, फक्त नावं भरायची. 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...' या सगळ्या प्रकरणात दोन महिन्यांनी पहिल्यांदा कोणीतरी 'मी' म्हटलं होतं. तोही मीच. सही केली, कागद आत नेऊन दिला.

"ठेवा तिथे," भाऊसाहेब म्हणाले. "आता जाईल वर."