पाइन बोन्सायच्या मुळांवरची पांढरी जाळी : खुलासा

सांगली-मिरजेच्या बागकाम ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘पाइन बोन्सायच्या कुंडीत पांढरी बुरशी दिसली की झाड बाहेर काढा, मुळं स्वच्छ धुवा आणि बुरशीनाशक ओता.’ कृपा करून असं करू नका.

ही बुरशी बहुतेक वेळा पाइनची सोबतीण असते. मुळांच्या टोकांना ती कापसासारखी लपेटते, मातीतलं पाणी आणि फॉस्फरस झाडाला मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. चीड असो वा जपानी काळा पाइन, धष्टपुष्ट झाडाच्या मुळांवर ती असायचीच. कुंडी बदलतानाही जुनी माती सगळी झटकायची नाही, थोडी नव्या कुंडीत घ्यायची, ती याच बुरशीसाठी. मुळं पूर्ण धुतलेला पाइन सहसा सावरत नाही, आणि सुया बऱ्याच उशिरा पिवळ्या पडत असल्याने खरं कारण लक्षातही येत नाही.

खरी कूज ओळखायची कशी? मूळ चिमटीत धरा. साल सुटून आली, आत काळपट गिळगिळीत लागलं आणि कुबट वास आला, तर ती कूज. पांढऱ्या जाळीला मात्र ताज्या अळिंबीसारखा वास येतो.

कूज होते ती बहुधा पाणी साचल्याने. आपली नदीकाठची काळी माती उसाला उत्तम, पाइनच्या उथळ कुंडीत मात्र नको. चाळलेली जाड वाळू आणि विटांचा चुरा जास्त घ्या. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या पागोळ्यांखाली ठेवू नका.